संपाचा हक्क आणि नवी संहिता : गेट मीटिंगमध्ये हमखास विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, युनियनच्या कचेरीत संपाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. मी युनियनचा कार्यकर्ता आहे आणि माझी बाजू कुणाची हे मी लपवत नाही. कायदा मात्र जसा आहे तसाच सांगतो आहे, कारण अर्धवट माहितीवर गेटवर उभा राहणारा कामगारच सगळ्यात आधी अडकतो.

संपावर बंदी आली आहे का?

नाही. संहितेत संपाची व्याख्या आहे, नोटिशीची तरतूद आहे, म्हणजे कायदेशीर संप असू शकतो हे कायद्याला मान्य आहे. "आता संप करताच येत नाही" असं सांगणारे सुपरवायझर आणि एचआरवाले चुकीचं सांगतात. पण संपाभोवती अटींचं असं कुंपण घातलं आहे की कायद्यात बसेल असा दिवस शोधूनही सापडणं कठीण व्हावं. कामगार संघटनांचं भांडण या कुंपणाशी आहे.

नेमकं काय बदललं?

संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये ही संहिता मंजूर केली. तिने तीन जुने केंद्रीय कायदे गिळले : १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेश (म्हणजे कारखान्यातले सेवानियम) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. १९४७ च्या कायद्यात संपाआधी १४ दिवसांच्या नोटिशीची सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. रेल्वे, टपाल, वीज, पाणी, सफाई यांसारखी ती कामं. साध्या खाजगी कारखान्याला त्या कायद्याने नोटीस बंधनकारक केली नव्हती. संहितेच्या कलम ६२ ने ही सक्ती सगळ्या उद्योगांना लावली. रेल्वेचा सिग्नल सांभाळणारा आणि बिस्किटं पॅक करणारा आता एकाच मापाने मोजला जातो. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही आणि ६० दिवस उलटले की ती नोटीस निकामी होते.

दुसरा बदल कमी लोकांच्या लक्षात आला आहे. पूर्वी खाजगी कारखान्यात समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवायला सरकारने नेमलेला अधिकारी) बोलणी चालू असली तरी संप आपोआप बेकायदा ठरत नव्हता. समेट मंडळापुढे प्रकरण असेल तर ठरायचा, आणि अशी मंडळं फारशी नेमलीच जात नसत. आता एकट्या समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की संपाला कुलूप लागतं.

महाराष्ट्रात तर १४ दिवसांची नोटीस आधीपासूनच होती ना?

होती, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. आपल्याकडे युनियनला मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा १९७१ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात. त्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस आहे आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी सभासदांचं बहुमत घेण्याची अटही आहे.

पण त्याच कायद्यातली पुढची तरतूद पाहा. संप बेकायदा आहे की नाही हे कामगार न्यायालय ठरवतं. न्यायालयाने बेकायदा म्हटल्यावर ४८ तासांत संप मागे घेतला, तर तो त्या कायद्यापुरता बेकायदा मानला जात नाही. म्हणजे चूक झालीच तर माघारी फिरायला वाट ठेवली होती. नव्या संहितेत अशी वाट नाही.

संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत आपला १९७१ चा कायदा नाही, तो राज्याचा आहे. तरीही कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, असल्यामुळे जिथे दोन्ही कायदे एकमेकांना छेद देतील तिथे सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. ही टांगती तलवार राज्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त युनियनच्या डोक्यावर आहे.

चौदा दिवस थांबायला काय हरकत आहे? तेवढ्यात तोडगाही निघू शकतो.

निघू शकतो, आणि निघाला तर सगळ्यात आधी कामगाराच्या घरी आनंद होतो. संपाच्या काळात चूल कशी पेटते हे ज्याने अनुभवलं आहे, तो हौसेने संपावर जात नाही.

मी एका इंजिनीअरिंग कारखान्यात होतो तेव्हाचं सांगतो. पगारवाढीचा करार संपून वर्ष उलटलं होतं, मागणीपत्र मॅनेजमेंटच्या टेबलावर पडून होतं. आम्ही नोटीस लावली. तिसऱ्या दिवसापासून तयार माल रात्रीच्या ट्रकने बाहेर जायला लागला. आठवड्याभरात महत्त्वाच्या डाय (माल घडवायचे साचे) दुसऱ्या प्लांटला हलवल्या. ट्रेनी आणि कंत्राटी पोरांना आमच्याच मशीनवर, आमच्याच हातून शिकवून घेतलं. कमिटीतल्या दोघांना वर्षभरापूर्वीच्या किरकोळ कारणावरून चार्जशीट मिळाली. पंधराव्या दिवशी आम्ही बाहेर बसलो तेव्हा गिऱ्हाइकाच्या गोदामात दीड महिना पुरेल इतका माल पोचला होता.

कामगाराकडे ताकद एकच असते : काम थांबलं तर मालकाचंही काहीतरी थांबतं. नोटिशीच्या काळात मालकाला तयारीची पूर्ण मुभा आणि कामगाराला हाताची घडी, अशी ही रचना आहे. नोटीस असावी की नसावी यावर युनियनमध्येही मतं वेगळी आहेत. माझं मत असं की नोटीस चालेल, पण त्या काळात माल आणि डाय हलवण्यावर, बदली माणसं भरण्यावर आणि कार्यकर्त्यांवर कारवाई करण्यावरही तितकाच कडक निर्बंध हवा. प्रलंबित वादाच्या काळात सेवाशर्ती बदलू नयेत अशी तरतूद संहितेत आहे. ट्रकने बाहेर जाणाऱ्या मालाला ती लागू होत नाही.

समेट फसला तर संप करता येतो ना?

इथे जरा नीट वाचा, सगळी गोम इथे आहे.

नोटीस दिली. समेट अधिकाऱ्याने बैठक बोलावली. पहिली बैठक झाली की समेटाची कारवाई सुरू झाली असं कायदा धरतो. संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. हा सगळा काळ संप नाही. समेट फसला, तरी पुढचे ७ दिवस संप नाही.

आता या ७ दिवसांत काय होऊ शकतं? समेट फसल्यावर वादातला कोणताही पक्ष थेट औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. मालकसुद्धा. पूर्वी वाद न्यायाधिकरणाकडे पाठवणं सरकारच्या हातात होतं. त्यातही पक्षपात व्हायचा, पण निदान मालकाला ते दार स्वतः उघडता येत नव्हतं. आता येतं. आणि न्यायाधिकरणापुढे प्रकरण चालू असेपर्यंत, वर निकालानंतर ६० दिवस, संप नाही.

संप आधीच कायदेशीरपणे सुरू झाला असेल आणि नंतर मालकाने अर्ज केला, तर केवळ तेवढ्याने संप बेकायदा होत नाही. संहितेत तसं स्पष्ट आहे. म्हणूनच ते ७ दिवस मोलाचे आहेत. मालकाने त्या आठवड्यात अर्ज टाकला की संप सुरू होण्याआधीच संपला. न्यायाधिकरणात तारखा कशा पडतात हे मी सांगायला नको. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत तुमची ६० दिवसांची नोटीस केव्हाच बाद झालेली असते.

आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल टाकली तर?

पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच, असं संहितेच्या व्याख्येत लिहिलं आहे. म्हणजे नोटिशीशिवाय "मास सीएल" हा बेकायदा संप. रजा मंजूर झालेली असेल तर काय, यावर वाद घालता येईल, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. काळ्या फिती लावणं, जेवणाच्या सुट्टीत घोषणा देणं, ड्यूटी संपल्यावर निदर्शनं करणं हे संपाच्या व्याख्येत येत नाही.

शिक्षा किती आहे?

बेकायदा संपात भाग घेतला तर १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. इतरांना संपाला उद्युक्त केलं तर दंड १०,००० ते ५०,००० रुपये आणि तुरुंगवास तितकाच. बेकायदा संपाला जाणूनबुजून पैसे पुरवणाराही शिक्षेस पात्र आहे, म्हणजे संपकऱ्यांच्या मदतीसाठी डबा फिरवणाऱ्यानेही जपून राहायचं.

तुरुंगाची तरतूद नवी नाही. १९४७ च्या कायद्यातही कामगाराला एक महिना होता, पण दंड ५० रुपयांपर्यंतच होता. बेकायदा टाळेबंदी करणाऱ्या, म्हणजे कामगारांना बाहेर ठेवून काम बंद करणाऱ्या, मालकालाही संहितेत ५०,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, हेही खरं. फक्त १०,००० रुपये म्हणजे एखाद्या ट्रेनीचा जवळपास महिन्याचा पगार, आणि १ लाख म्हणजे मध्यम कंपनीच्या एका दिवसाच्या चहापाण्याचा खर्च.

दंडापेक्षा मला एका वेगळ्या कलमाची भीती जास्त वाटते. संहितेचं उल्लंघन झाल्याची माहिती मिळाल्यावर निबंधक युनियनची नोंदणीच रद्द करू शकतो. एका दिवसाच्या चुकीसाठी पन्नास वर्षांची युनियन पणाला लागते.

संपाच्या दिवसाचा पगार कापतात, ते ठीक. आठ दिवसांचा का कापतात?

"काम नाही तर दाम नाही" हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात मान्य केलं. १९९४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असेल तरच त्या काळाचा पगार मागता येतो.

आठ दिवसांची गोष्ट वेगळी आहे. दहा किंवा जास्त जण ठरवून, सूचना न देता आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले, आणि नोकरीच्या अटींत सूचना देणं बंधनकारक असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद जुन्या वेतन कायद्यात होती. २०१९ च्या वेतन संहितेत ती तशीच उतरली आहे. म्हणून आपलं नियुक्तिपत्र आणि स्थायी आदेश एकदा तरी नीट वाचा.

संप हा मूलभूत हक्क आहे का?

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे. संपाचा हक्क त्यात आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच म्हटलं. १९८९ मध्ये न्यायालयाची भाषा जरा सहानुभूतीची होती : संप मूलभूत हक्क नसला तरी औद्योगिक कायद्याने मान्य केलेला, दाद मागण्याचा एक मार्ग आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये मात्र फार कठोर निकाल आला. तामिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं होतं. त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक कसलाच हक्क नाही. बहुतेकांना पुढे कामावर घेतलं गेलं, पण ते वाक्य राहिलं. आजही कुठल्याही खात्यात संपाची कुजबुज झाली की साहेब लोक तेच वाक्य काढतात. तो निकाल सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल होता. कारखान्यातल्या कामगाराला तो जसाच्या तसा लागू करणं चूक आहे, कारण त्याच्या संपाला कायद्यातच जागा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या हक्काबद्दल नेमकं काय म्हटलं होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

१९३८ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्यांनी औद्योगिक विवाद विधेयक आणलं. मुख्य कल्पना अशी की आधी सक्तीने समेटाची पायरी चढायची, तोवर संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षेस पात्र. आजची संहिता वाचताना ओळखीचं वाटतं ना?

स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब १५ सप्टेंबर १९३८ रोजी विधानसभेत या विधेयकाविरुद्ध बोलले. त्यांची मांडणी वकिलाची होती. संप म्हणजे काय? नोकरीचा करार मोडणं. करार मोडला तर तो दिवाणी स्वरूपाचा दोष, समोरच्याने नुकसानभरपाई मागावी. तो गुन्हा होत नाही. काम सोडणं हा गुन्हा ठरवला, तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला भाग पाडलं जातं, आणि त्याचं नाव गुलामगिरी. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं त्यांनी सांगितलं. स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्यांना कामगाराचा संपाचा हक्क नाकारता येणार नाही, हा त्यांचा रोख होता.

विधेयक मंजूर झालं. कामगारांनी त्याला काळा कायदा म्हटलं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांतात एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट बरोबर होते. या दोघांचं एरवी फारसं पटत नसे. कॉम्रेड डांगे आणि बाबासाहेब एका मंचावर येण्याचे प्रसंग विरळ, त्यातला हा एक.

त्याआधीही असंच घडलं होतं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. १९२९ साली केंद्रीय विधिमंडळात ट्रेड डिस्प्युट्स बिल आलं. दुसऱ्या उद्योगाच्या पाठिंब्यासाठी किंवा सरकारवर दबाव आणण्यासाठी केलेला संप बेकायदा करणारं ते बिल होतं. ते ८ एप्रिल १९२९ रोजी मंजूर झालं. त्याच दिवशी त्याच सभागृहात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकला. दरवर्षी २३ मार्चला भगतसिंगांच्या तसबिरीला हार घालताना तो दिवस कामगारांच्या संपाशी जोडलेला होता, हे आपण क्वचितच सांगतो.

मेस्मा म्हणजे काय आणि तो कुणाला लावतात?

महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा. सरकार एखादी सेवा अत्यावश्यक म्हणून जाहीर करतं आणि तिथे संप करणाऱ्याला अटक आणि तुरुंगवास होऊ शकतो. नाव ऐकून रुग्णालय आणि अग्निशमन दल डोळ्यांपुढे येतं, पण वापर त्याहून फार सैल झालेला आहे.

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना मेस्मा लावला. आदल्या वर्षी मानधनवाढीसाठी त्यांनी मोठा संप केला होता, त्याची ही पुढची पायरी. ज्या बाईला तुम्ही कर्मचारी मानत नाही, पगार देत नाही, "मानधन" देता, जिला पेन्शन नाकारता, तीच बाई काम थांबवते तेव्हा मात्र अत्यावश्यक होते! विधिमंडळात गदारोळ झाला, सत्तेतल्या शिवसेनेनेही विरोध केला आणि काही दिवसांतच सरकारला त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. संघटितपणे उभं राहिलं तर असे आदेश मागे घ्यावे लागतात, याचं हे अलीकडचं ठळक उदाहरण.

१४ मार्च २०२३ रोजी जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी, शिक्षक, परिचारिका संपावर गेले, आणि त्याच सुमारास मेस्माचं नवं विधेयक विधिमंडळात घाईघाईने मंजूर झालं. २० मार्चला संप मागे घेतला गेला. त्या वर्षाच्या सुरुवातीला, ४ जानेवारीला, खाजगीकरणाच्या विरोधात वीज कर्मचारी संपावर गेले तेव्हाही मेस्माचा बडगा उगारला होता. चर्चा झाली आणि संप त्याच दिवशी मिटला. मिटला तो चर्चेने.

केंद्रानेही हेच केलं आहे. ऑर्डनन्स फॅक्टरींचं, म्हणजे सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यांचं, कंपनीकरण करताना जून २०२१ मध्ये अध्यादेश काढून आणि पुढे एक वर्षाच्या मुदतीचा कायदा करून संरक्षण उत्पादनातला संप गुन्हा ठरवला. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, चंद्रपूर, वरणगाव, अंबरनाथ इथल्या कामगारांनी तो काळ पाहिला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या.

पण संपाने सामान्य माणसाचे हाल होतात, त्याचं काय?

होतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा गावाकडची मुलं शाळेला मुकली, म्हाताऱ्या माणसांना तालुक्याच्या दवाखान्यात जाता आलं नाही. त्याच काळात एसटी कर्मचाऱ्यांच्या घरांत आत्महत्याही झाल्या. दोन्ही बाजूंचं दुःख खरं होतं आणि संघटनांनी प्रवाशांच्या त्रासाकडे पाठ फिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी यावर बरीच दशकं विचार केला आहे. जी सेवा थांबली तर माणसाचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येईल, तीच खरी अत्यावश्यक सेवा, असं ते धरतात. तिथे संपावर मर्यादा चालते, पण बदल्यात त्या कामगारांना निःपक्षपाती आणि जलद लवाद मिळाला पाहिजे. आपल्याकडे मर्यादा येते आणि बदल्यात काही येत नाही. अतिदक्षता विभागात नर्स राहिलीच पाहिजे, हे कुठलीही शहाणी युनियन मान्य करते. निवासी डॉक्टरांच्या संपातही बहुतेक वेळा तातडीचे विभाग चालू ठेवले जातात.

दत्ता सामंतांच्या संपानेच गिरण्या बुडाल्या ना?

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. गिरण्या का बंद पडल्या याचा हिशेब मोठा आहे : जुनी यंत्रं, यंत्रमागांकडे वळवलेलं काम, आणि जमिनीचे भाव. इथे फक्त कायद्याचा भाग सांगतो, कारण तो सहसा कुणी सांगत नाही.

गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यानुसार एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि बोलणी करण्याचा अधिकार तिलाच. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार मात्र डॉक्टर सामंतांच्या मागे गेले होते. मालक आणि सरकार म्हणत राहिले की आम्ही कायद्याने मान्य असलेल्या युनियनशीच बोलणार. ज्यांच्या मागे लाखो कामगार उभे होते त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या मागे कामगार नाहीत. संप इतका लांबण्यात या कायद्याचा वाटा मोठा होता. मान्यतेची दारं बंद केली की संप थांबत नाहीत, ते मिटवायला माणूस उरत नाही.

म्हणूनच नव्या संहितेतल्या ५१ टक्क्यांच्या अटीकडे आम्ही काळजीने पाहतो. एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनलाच बोलणीचा एकमेव अधिकार, आणि तसा पाठिंबा कुणालाच नसेल तर दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद पुरत होते.

सरकारचं म्हणणं काय आहे?

अचानक होणारे संप टळतील, नोटिशीच्या काळात तोडगा निघेल, गुंतवणूकदाराला खात्री वाटेल आणि २९ कायद्यांचा गुंता चार संहितांत सुटेल, असं सरकार सांगतं. टाळेबंदीलाही १४ दिवसांची नोटीस लागते, हेही दाखवून दिलं जातं. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी ही चांगली तरतूद आहे, ती मी नाकारत नाही. पण त्याच संहितेने कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. २९९ कामगारांचा कारखाना सरकारला न विचारता बंद करता येतो, आणि तिथल्या कामगाराला त्याविरुद्ध संपावर जायला वर सांगितलेला सगळा डोंगर चढावा लागतो. मालकाची वाट मोकळी करून कामगाराची अडवली, असं म्हणायला मला या दोन तरतुदी पुरेशा आहेत.

सगळ्या संघटना विरोधात आहेत का?

इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा, सिटू यांच्यासह दहा केंद्रीय संघटनांचा संयुक्त मंच पहिल्यापासून विरोधात आहे. ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप याच मुद्द्यावर होता, आणि संहिता लागू झाल्यावर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, संविधान दिनी, निदर्शनं झाली. भारतीय मजदूर संघ या मंचात नाही. त्याने वेतन आणि सामाजिक सुरक्षा संहितांचं स्वागत केलं, पण २०२० मध्ये औद्योगिक संबंध संहितेवर त्यानेही आक्षेप घेतले होते.

एक तक्रार सगळ्यांची सारखी असायला हवी. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसण्याची भारतीय श्रम परिषद २०१५ मध्ये शेवटची भरली. संहिता मंजूर होताना ती एकदाही बोलावली गेली नाही.

कंत्राटी कामगार संप करू शकतात का?

कायद्याने हो. "कामगार" या व्याख्येत कायम, कंत्राटी, ठरावीक मुदतीचा असा भेद नाही. महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक मात्र व्याख्येबाहेर आहेत. व्यवहारात कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटपास मिळत नाही, एवढंच घडतं. म्हणून कायम कामगारांच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचं कलम असायलाच हवं.

संप आणि बंद यांत फरक काय?

संपात आपण आपलं काम थांबवतो. बंदमध्ये दुसऱ्याचं दुकान, दुसऱ्याचा रस्ता थांबवला जातो. न्यायालयं बंदबाबत फार कडक आहेत. जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयाने भाजप आणि शिवसेनेला प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला होता. युनियनच्या पत्रकात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

आमच्याकडे बोलणी फिसकटली आहेत. आता काय करू?

आधी कागद जमवा. मागणीपत्र दिल्याची पोच, बैठकांची इतिवृत्तं, आधीच्या कराराची मुदत कधी संपली त्याची नोंद. चालू करारात ज्या मुद्द्यावर तडजोड झाली आहे, त्याच मुद्द्यावर करार चालू असताना संप करता येत नाही.

सर्वसाधारण सभा घ्या आणि गुप्त मतदान करा. हात वर करून घेतलेलं मत पुढे कुणीही नाकारतं. सभासद यादी, मतपत्रिका आणि निकालावरच्या सह्या जपून ठेवा. मान्यताप्राप्त युनियन असाल तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे बहुमताशिवाय दिलेली नोटीस टिकत नाही.

नोटीस ठरलेल्या नमुन्यात द्या, मालकाला आणि कामगार आयुक्त कार्यालयाला, आणि दोन्हीकडचा शिक्का घ्या. संपाची तारीख स्पष्ट लिहा. १४ दिवस मोजताना नोटीस पोचल्याचा दिवस सोडून मोजा. समेटाची पहिली बैठक कोणत्या तारखेला झाली ते लिहून ठेवा, कारण पुढची सगळी मोजदाद त्या तारखेपासून होते. समेट फसल्याचा अहवाल आला की त्याच दिवशी वकिलाला भेटा. मालकाने न्यायाधिकरणात अर्ज केला का, याची रोज चौकशी करा, सात दिवस, एकही दिवस न चुकवता.

आणि नोटीस लावल्यापासून रात्रपाळीला दोन माणसं गेटजवळ ठेवा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर, वेळ आणि माल वहीत लिहा.